जुन्या बोटीची डिझेल टाकी साफ कशी करावी

खाडीतून बाहेर पडेपर्यंत इंजिन बरं चालतं. उघड्या समुद्रात बोट डोलायला लागली की ते दम टाकतं. फिल्टर बदलला की थोडा वेळ ठीक, मग पुन्हा तेच. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बंदरावर हे रडगाणं ऐकायला मिळेल. खापर बहुतेक वेळा नोझलवर नाहीतर पंपावर फुटतं. पण लाटा लागल्यावरच इंजिन बंद पडत असेल, तर आधी टाकीच्या तळावर संशय घ्या. तिथला गाळ उसळतो आणि इंजिनाकडे डिझेल ओढणाऱ्या सक्शन पाइपात ओढला जातो. अशा वेळी फिल्टर बदलत बसण्यात अर्थ नाही, टाकी उघडावीच लागते.

पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना लागतात तिथे जिवाणू आणि बुरशी वाढतात. राहायला पाणी, खायला डिझेल. त्यांचाच तो काळा, बुळबुळीत थर. तो फिल्टर तर भरतोच, शिवाय खालचा पत्राही हळूहळू खातो.

मुहूर्त

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात. पण काम जुलैवर ढकलू नका. शेवटची फेरी झाल्यावर, बोट शाकारण्याआधी ते उरका. पावसाळी हवेत उघडलेल्या टाकीचा धुतलेला पत्रा बघता बघता तांबूस होतो.

बोट ओढताना नाळेची, म्हणजे पुढची, बाजू थोडी उंच राहील असं बघा, म्हणजे पाणी आणि गाळ मागच्या बाजूला गोळा होतो. तुमच्या टाकीचा ड्रेन कॉक पुढे असेल तर उलट करा. पाणी किती आहे हे बघायला पेट्रोल पंपावर वापरतात ती पाणी शोधायची पेस्ट मिळते. डिपच्या काठीच्या टोकाला ती लावून काठी तळापर्यंत सोडा. जिथपर्यंत रंग बदलला तिथपर्यंत पाणी. मोजायचं टाकीच्या उताराकडच्या टोकाला, नाहीतर काठी कोरडी निघेल आणि तुमची खोटीच समजूत होईल.

आधी सुरक्षितता

डिझेल सहज पेटत नाही, हे बंदरावर सगळेच सांगतात. पण आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात फ्लॅश पॉइंटची, म्हणजे ज्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेटू शकते त्याची, किमान मर्यादा 35 अंश सेल्सिअस आहे, आणि मे महिन्यात बंद इंजिन रूममध्ये तेवढं तापमान सहज होतं. म्हणून बॅटरीच्या वायरी काढा, सगळी झाकणं उघडून वारा खेळू द्या, विडी-सिगारेट खाली किनाऱ्यावर. घरचा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नको, त्याच्या मोटरची ठिणगी पुरेशी असते. टाकी कितीही मोठी असो, आत माणूस उतरवू नका.

उपसणं आणि धुणं

बॅरलच्या हातपंपाने वरचं डिझेल आधी काढा. पाइपाचं टोक तळापासून चांगलं वर ठेवा. येणारी धार गढूळ दिसली की थांबा आणि उरलेलं वेगळ्या बॅरलमध्ये घ्या. वरचं डिझेल काही दिवस निवळू द्या, मग गाळून परत वापरता येतं. गढूळ डिझेल त्यात मिसळायचा मोह आवरा. तळाचा गाळ खाडीत किंवा वाळूत ओतू नका, परवानाधारक टाकाऊ ऑइलवाल्याकडे द्या.

आता खरं काम. टाकीच्या आत डिझेल हेलकावू नये म्हणून आडवे पत्रे असतात, आणि घाण सगळ्यात जास्त साठते ती त्यांच्या मागे. एकाच झाकणातून हात घालून दिसेल तेवढं पुसलं, तर दोन फेऱ्यांत जुनंच दुखणं परत येतं. प्रत्येक कप्प्यापर्यंत हात पोचला पाहिजे. जुन्या टाक्यांना पुरेशी झाकणं नसतात. तसं असेल तर टाकी बोटीतून काढून फॅब्रिकेटरकडे न्या. बोटीवर गॅस कटर किंवा ग्राइंडर चालवायचा नाही. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते, ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक. फॅब्रिकेटरलाही आधी टाकी नीट धुऊन वाफ काढायला सांगा, मगच भोक पाडू द्या.

लाकडी पट्टीने थर खरवडून बाहेर काढा. मग थोडं स्वच्छ डिझेल ओतून लांब दांड्याच्या नायलॉन ब्रशने घासा, उपसा, पुन्हा ओता. पांढरं सुती फडकं फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत हे चालू ठेवा. साबणाचं पाणी, पेट्रोल, थिनर यांतलं काही नको. गॅरेजमधला कॉटन वेस्टही नको, त्याचे धागे सुटून पुढे फिल्टरमध्येच जातात. आडव्या पत्र्यांच्या खालच्या खाचा तारेने मोकळ्या करा. सक्शन पाइप बाहेर काढून त्याच्या टोकाची जाळी बघा. कित्येकदा सगळा रोग त्या जाळीतच सापडतो.

तळ कोरडा झाला की टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पत्रा तपासा. खोल खड्डे दिसले तर एम-सील लावून वेळ मारून नेऊ नका, पत्रा बदला. नवी टाकी करताना आतून जस्ताचा लेप दिलेला पत्रा नको, डिझेलशी त्याचं जमत नाही.

पाणी आलं कुठून

हे शोधलं नाही तर सगळी मेहनत वाया. डेकवरच्या भरणीच्या, म्हणजे डिझेल भरायच्या तोंडाच्या, झाकणाचा रबर कडक झाला असेल तर धुतलेल्या डेकचं पाणी थेट आत जातं. टाकीत हवा ये-जा करते त्या व्हेंट पाइपाचं तोंड उंचावर आणि खाली वळलेलं हवं. उरलेलं पाणी हवेतून येतं. अर्धी टाकी दोन महिने ठेवणं सगळ्यात वाईट, कारण मोकळ्या जागेतला दमटपणा पत्र्यावर पाणी होऊन उतरतो. टाकी काठोकाठ भरा, किंवा चोरीची धास्ती असेल तर पूर्ण रिकामी आणि कोरडी करून झाकण घट्ट लावा.

बुरशी मारायचं औषध साफसफाईनंतर, डब्यावर लिहिलेल्या मापानेच घाला. आधी घातलं तर मेलेला थर सुटून फिल्टरवर येतो.

ऑगस्टमध्ये सगळे फिल्टर नवे टाका, लाइनमधली हवा काढा आणि पहिली चाचणी बंदराच्या आतच घ्या. सुरुवातीच्या फेऱ्यांत कोपऱ्यात राहिलेला कचरा निघतोच, म्हणून जादा फिल्टर आणि ते उघडायचा पाना बोटीवर ठेवा. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची वाटी रोज निघण्याआधी उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. खाली पाण्याचा थर दिसला तर आधी भरणीचं झाकण तपासा.