घरगुती बंदुका आणि शस्त्रनियंत्रण : युक्तिवाद कसा तपासावा

शस्त्रनियंत्रणाच्या वादात घरगुती बंदुकीचा विषय निघाला, की एक पक्ष ‘बंदूक घरात बनते, मग कायदा कशाला’ असे विचारतो आणि दुसरा पक्ष त्याच वस्तुस्थितीवरून कायदा आणखी कडक करण्याची मागणी करतो. या विषयावर लिहिण्यापूर्वी किंवा मत बनवण्यापूर्वी समोरचा नेमक्या कोणत्या बंदुकीबद्दल बोलत आहे, हे आधी विचारून घ्यावे. लोखंडी नळीचा ओबडधोबड कट्टा, विकत घेतलेल्या सुट्या भागांच्या संचातून जोडलेले पिस्तूल आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेले शस्त्र यांत फार अंतर आहे. पहिल्यामागे कारागिरी असते, दुसऱ्यामागे बाजारपेठ आणि तिसऱ्यामागे संगणकीय फाइल. त्यामुळे एकावरचा उपाय दुसऱ्याला क्वचितच लागू पडतो. ‘घोस्ट गन’ हा शब्द तर अनुक्रमांक नसलेल्या बंदुकीसाठी आहे, तो फक्त प्लॅस्टिकच्या बंदुकीसाठी वापरला जात असेल तर तेथेच थांबवावे.

त्यानंतर कायद्याचा हात नेमका कोठे पोहोचतो, ते पाहावे. अमेरिकेच्या 1968 च्या कायद्यानुसार बंदुका बनवण्याचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो, परंतु स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवणाऱ्या सामान्य नागरिकाला संघीय पातळीवर तो लागत नाही. काही राज्यांचे नियम मात्र याहून कडक आहेत. याच फटीतून जवळजवळ पूर्ण झालेल्या संचांची विक्री वाढली. 2022 च्या नियमाने अशा संचांना बंदुकीच्या व्याख्येत आणले आणि 26 मार्च 2025 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी तो नियम कायम ठेवला. या निकालाने घरी बंदूक बनवण्यावर बंदी आली, असे कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. निकालाचा संबंध संचांच्या विक्रीशी होता. भारतात याउलट 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय बंदूक बनवणे हाच गुन्हा आहे. तेव्हा एका देशातला दाखला दुसऱ्या देशाच्या वादात वापरताना आधी कायद्याचा हा पाया तपासावा.

आकडे आले की विशेष सावध राहावे. अमेरिकेच्या त्या 2025 च्या निकालपत्रात एक आकडेवारी आहे : 2017 मध्ये तपास यंत्रणांनी माग काढण्यासाठी सुमारे 1,600 घोस्ट गन पाठवल्या होत्या, तर 2021 मध्ये 19,000 हून अधिक. वाढ मोठी आहे, यात शंका नाही. पण हा आकडा पोलिसांच्या हाती लागून पुढे कळवल्या गेलेल्या शस्त्रांचा आहे, समाजात फिरणाऱ्या शस्त्रांचा नव्हे. पोलिसांनी कळवण्याची पद्धत सुधारली तरी तो वाढतो. शिवाय तो सर्व बंदुकांच्या तुलनेत किती, हे न सांगता केवळ पटींचा उल्लेख होत असेल, तर तो युक्तिवाद अर्धाच आहे.

उदाहरणे दोन्ही बाजूंनी वाचावीत. 8 जुलै 2022 रोजी जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची नारा येथे घरगुती बंदुकीने हत्या झाली, तेव्हा कडक कायदा निष्फळ असल्याचा निष्कर्ष अनेकांनी काढला. मात्र 9 ऑक्टोबर 2019 रोजी जर्मनीतील हाले शहरात सिनेगॉगवर (ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर) हल्ला करणाऱ्याची घरगुती शस्त्रे वारंवार अडकली. त्याने दोन जीव घेतलेच. परंतु घरगुती शस्त्रांची उपयुक्तता सिद्ध करण्याचा त्याचा हेतू मात्र फसला. बंदूक बनू शकते का, या प्रश्नाहून ती किती भरवशाची आणि किती जणांना जमण्यासारखी, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच वादात मागे पडतो.

फाइलचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. 2013 मध्ये ‘लिबरेटर’ या छापील पिस्तुलाचा आराखडा प्रसिद्ध झाला. अमेरिकी परराष्ट्र खात्याने निर्यात नियमांचा आधार घेऊन तो हटवायला लावला, पण तोवर तो लाखाहून अधिक वेळा उतरवून घेतला गेला होता. पुढे 2020 मध्ये आलेला ‘एफजीसी-9’ हा आराखडा मुळातच युरोपातील नियंत्रित सुट्या भागांची गरज टाळण्यासाठी रचलेला होता, आणि 2021 च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधील बंडखोरांच्या हाती तीच बंदूक दिसली. तेव्हा फाइलवर बंदी घाला म्हणणाऱ्याला ती अमलात कशी आणणार, असे विचारावे. आणि बंदी निरर्थक म्हणणाऱ्याला काडतुसांबद्दल विचारावे, कारण छापील सांगाडा काडतुसाशिवाय काहीच करू शकत नाही आणि काडतूस प्रिंटरवर छापता येत नाही.