जमिनीत वाफ सोडताय? या चुका टाळा

रबाळे-महापे पट्ट्यात जुना कारखाना बंद पडतो, प्लॉट विकायला निघतो आणि माती तपासली की ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, हे धातूवरचं तेल-ग्रीस धुवायचं द्रावण सापडतं. मग कोणीतरी म्हणतं, "स्टीम मारून माती साफ करून टाकू." म्हणणं चूक नाही. टीसीई एरवी ८७ अंशांना उकळतं, पाण्याच्या संगतीत ७३ च्या आसपासच. वाफेने ते सुटतं. सुटून जाणार कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही.

सुटलेली वाफ आणि पाणी ओढून घेणारा उपसा सुरू नसताना बॉयलर पेटवणं ही सगळ्यात महागडी चूक. ठाणे-बेलापूर रोडलगतच्या एका प्लॉटवर पावसाळ्याआधी काम उरकायची घाई होती. व्हॅक्यूम पंप यायचा होता. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "साहेब, पंप परवा येतोय, तोवर जमीन तापू दे की." मी नको म्हणून निघालो आणि संध्याकाळी त्यांनी व्हॉल्व्ह उघडलाच. वाफ थंड जमिनीत निवते, तिच्यापुढे गरम पाण्याचा पट्टा तयार होतो आणि सुटलेलं टीसीई त्यात गोळा होऊन पुढे ढकललं जातं. कंपाउंडलगतची निरीक्षण बोअर तोवर स्वच्छ होती. आता तिच्यातलं पाणी बाटलीत घेतलं, तर तळाशी पाऱ्यासारखे घरंगळणारे थेंब. (मास्क लावा. टीसीई कर्करोगकारक आहे. वासावरून ओळखायची हौस नको.) पंप आला, पण तोवर नाल्याच्या अंगाला नव्या बोअर मारायची पाळी आली होती.

माझा शिरस्ता असा: आधी व्हॅक्यूम आणि पाण्याचा उपसा, मग सगळ्या बोअरची पातळी मोजायची. पाण्याचा उतार चहूबाजूंनी आत दिसला तरच वाफ, तीही कडेच्या बोअरमधून. कॅलिफोर्नियात व्हिसालियाच्या विजेच्या खांबांच्या यार्डात १९९७ पासून अशीच कडेने वाफ सोडून मधून क्रिओसोट (लाकडी खांबांना लावायचं डांबरी तेल) उपसलं.

बॉयलर सात किलो दाबावर (चौरस सेंटिमीटरला) आहे म्हणून बोअरलाही सात किलो देऊ नका. खोलीच्या दर मीटरला साधारण ०.१ किलो, पाच मीटरवर अर्धा. त्यापुढे वाफ माती फोडून वर येते.

बोअरला पीव्हीसी केसिंग (आतला पाइप) नको. मऊ पडतं.

खाडीकडच्या चिकण गाळात वाफ शिरतच नाही. तिथे इलेक्ट्रोड रोवून विजेने तापवा.

पावसात काम रेटू नका. एक किलो वाफ निवताना सुमारे २,२५७ किलोज्यूल देते; २८ अंशांचं पाणी १०० वर न्यायला किलोमागे ३०० लागतात. म्हणजे किलोभर वाफ जेमतेम साडेसात किलो पाणी तापवते, आणि जुलैत खालून पाणी येतच राहतं.

दुसरी चीड आणणारी गोष्ट: थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारेवर) १०० अंश दिसले की फोटो व्हॉट्सॲपवर आणि बॉयलर बंद. अहो, तो थर्मोकपल लावलाय कुठे? वाफ वर चढते. टीसीई पाण्याहून जड, ते खाली कातळावर बसलेलं. कातळापर्यंत मीटरा-मीटरावर थर्मोकपल सोडा. सगळे तापले की वाफ थांबवा, व्हॅक्यूम चालू ठेवा. दाब उतरला की मातीच्या बारीक थरांत अडकलेलं पाणी उकळतं आणि टीसीई घेऊन बाहेर पडतं. मग पुन्हा वाफ, पुन्हा थांबा. हे फेरे कंटाळवाणे आहेत, पण खरा माल त्यातच निघतो.

नमुना बर्फातल्या स्टील कॉइलमधून थंड करून घ्या. गरम पाणी उघड्या बाटलीत धरलं की टीसीई हवेत उडतं आणि रिपोर्ट झकास येतो. असा रिपोर्ट नाचवत कोणी आलं, तर मी आकडे नंतर बघतो. बाटली कशी भरली ते आधी विचारतो.