जळगावला उतरलात, आता गाडी?

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की आमच्याकडे पुण्या-ठाण्याचे फोन सुरू होतात. "वहिनी, अजिंठा करायचंय, तोरणमाळ करायचंय, जमलं तर पाटणादेवी. ओळखीचा गाडीवाला आहे का?" गाडीवाला आहे हो. पण त्याच्याशी काय बोलून घ्यायचं हेच माहीत नसेल तर ओळखीचा उपयोग शून्य. उलट ओळखीमुळे भाव विचारायची चोरी होते. दर वेळी फोनवर जे सांगते ते आता एकदा लिहूनच काढते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पाठवलं की झालं.

आधी उतरायचं कुठे ते ठरवा. खान्देश म्हणजे जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा निघालेला नंदुरबार. एका टोकाला रावेर-मुक्ताईनगर, दुसऱ्या टोकाला नवापूर-अक्कलकुवा. हे सगळं "जळगावला उतरून दोन दिवसांत" होत नाही. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या भुसावळला थांबतात आणि जळगावला थांबत नाहीत, तेव्हा तिकिटावर काय लिहिलंय ते गाडीवाल्याला आधी कळवा. दोन्हींत अंतर पंचवीसेक किलोमीटरच, पण पहाटे साडेतीनला तो जळगाव स्टेशनबाहेर आणि तुम्ही भुसावळच्या पुलावर, असं झालं की ते पंचवीस किलोमीटर फार लांब वाटतात. नुसती पाटणादेवी करायची असेल तर चाळीसगावलाच उतरा, तिथून देऊळ सुमारे १८ किलोमीटर. तोरणमाळ हे सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण, तिथे जळगावहून दीडशे किलोमीटरच्या पुढे जावं लागतं आणि शेवटी घाट. त्यापेक्षा नंदुरबारला उतरून शहाद्यामार्गे वर जाणं शहाणपणाचं. नंदुरबार मात्र सुरत-भुसावळ मार्गावर आहे, मुंबईहून नाशिकमार्गे भुसावळला येणारी गाडी तिथून जात नाही.

मग वार बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही आमचे एक नातेवाईक सहा माणसं घेऊन रविवारी रात्री आले, सोमवारी सकाळी सातला गाडी दारात, डबे भरलेले. शेवटी त्या गाडीतून पद्मालयाचा गणपती केला. सण पण बघा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपास गाडी मागू नका. लेकी माहेरी येतात, लग्नांचे मुहूर्त असतात, गाडी मिळाली तरी भाव तुम्ही ठरवायचा नसतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि घोडेबाजार भरतो, तेव्हा शहादा-नंदुरबारकडे राहायची सोय महिनाभर आधी केलेली बरी. आणि मे महिन्यात येऊच नका असं मी सांगते. जळगाव-भुसावळचा मे काय असतो ते पंख्याखाली बसून कळत नाही, अजिंठ्याच्या पायऱ्यांवर दुपारी एकला कळतं.

आता भावाचं. आमच्याकडे लग्न जमलं की यादी करतात, देणंघेणं कागदावर उतरवतात आणि दोन्हीकडचे सह्या करतात. गाडीचीही तशी यादी करा. कागद नको, मोबाइलवर एक मेसेज पुरे, पण समोरच्याचं "हो" त्याखाली आलं पाहिजे. भाव किलोमीटरचा सांगतात, आणि नवख्या माणसाची फसगत तिथेच होते, कारण त्या भावामागे दिवसाचे किमान किलोमीटर धरलेले असतात. बहुतेक ठिकाणी २५० किंवा ३००. समजा भाव १४ रुपये आहे. जळगाव-अजिंठा-जळगाव धावणं साधारण १२० किलोमीटर, तुम्ही मनात १,६८० चा हिशेब केलेला. बिल येतं ३०० गुणिले १४, म्हणजे ४,२००. तो फसवत नाही, त्याच्या धंद्याची रीतच ती आहे. तुम्ही फक्त विचारलं नाही. जवळच्या फेरीला किलोमीटरचा भाव घेऊच नका, "अजिंठा जाऊन-येऊन, सकाळी सात ते संध्याकाळी सात, एवढे" असा उक्ता भाव करा. तोरणमाळसारख्या लांबच्या, मुक्कामी फेरीला किलोमीटरचा भाव ठीक.

दुसरा प्रश्न, मीटर कुठून धरणार? गाडी त्याच्या घरून निघते की तुमच्या दारातून? गाडीवाला पाचोऱ्याचा आणि तुम्ही जळगावला असाल तर येणं-जाणंही तुमच्याच खात्यात पडतं. तिसरा, दिवस कसा मोजणार? बरेच जण तारखेने मोजतात. रात्री नऊला निघालात आणि दुसऱ्या दिवशी रात्री नऊला परत आलात तर चोवीस तास झाले, पण तारखा दोन, म्हणून किमान किलोमीटरही दोन दिवसांचे आणि ड्रायव्हरचा भत्ताही दोन दिवसांचा. पहाटे निघून त्याच रात्री बाराच्या आत परतलात तर हेच पैसे निम्म्यावर येतात. टोल, पार्किंग, रात्रीचा भत्ता आत की बाहेर, एसी घाटात चालू राहणार की "इंजिन गरम होतं" म्हणून बंद, तेही विचारून घ्या. निघताना मीटरचा फोटो काढा, ड्रायव्हरच्या समोर, हसत. लपून काढलेला फोटो अविश्वासाचा वाटतो, समोर काढलेला हिशेबाचा.

नंबर प्लेट पिवळी हवी, अक्षरं काळी. पांढऱ्या प्लेटची गाडी म्हणजे कुणाची तरी घरची गाडी. ती भाड्याने देणं नियमात बसत नाही, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी पहिल्यांदा हेच विचारते की भाडं दिलं होतं का. "आपलीच गाडी आहे, घरच्यासारखी" हे वाक्य ऐकलं की मी पुढचा फोन लावते. स्वतः चालवायला घेतलेल्या भाड्याच्या गाडीची प्लेट काळी, अक्षरं पिवळी असतात. तशी घेतलीत तर चारही बाजूंचे ओरखडे व्हिडिओत घ्या आणि अनामत कधी परत मिळणार ते लिहून घ्या. गाडीचा नंबर कळला की एमपरिवहन ॲपवर विमा आणि फिटनेसची मुदत दिसते, दोन मिनिटांचं काम. रावेरकडून बऱ्हाणपूर-असीरगड किंवा नवापूरकडून गुजरातेत डोकवायचा विचार असेल तर त्या राज्याचा परवाना आणि कर कोण भरणार ते आधीच ठरवा. तोरणमाळला हा प्रश्न नाही, ते आपल्याच हद्दीत आहे.

गाडी दारात आली की बसायच्या आधी डिकी उघडायला सांगा. यावरून माझी घरात थट्टा होते, पण कारण आहे. दोन वर्षांपूर्वी पाटणादेवीच्या रस्त्यावर आमचा टायर बसला. स्टेपनी होती, तासलेल्या भोपळ्यासारखी गुळगुळीत, पण हवा होती. जॅकही निघाला. चाकाचे नट सोडायचा पान्हा मात्र ड्रायव्हरच्या धाकट्या भावाच्या गाडीत. सीताफळाच्या झाडाखाली सतरंजी टाकून पाऊण तास बसलो, सासूबाईंनी तेवढ्यात सगळ्या खाकऱ्यांचा फडशा पाडला, मग एका पिकअपवाल्याने थांबून पान्हा दिला. तेव्हापासून स्टेपनी, जॅक, पान्हा या तीन वस्तू मी डोळ्यांनी बघते. मागच्या सीटचे पट्टे बहुतेक गाड्यांत सीटकव्हरखाली दडपलेले असतात, तेही तेव्हाच काढून घ्यावेत. घाटात काढायला लावलेत तर ड्रायव्हरला आपल्या चालवण्यावर शंका घेतल्यासारखं वाटतं.

रस्त्याचा हिशेब किलोमीटरने करू नका, तासांनी करा. तोरणमाळ साधारण ११५० मीटर उंचीवर, वर जाताना वळणं दमवतात आणि थंडीत अंधार लवकर पडतो. चारच्या आत वर पोचायचं असं धरूनच निघण्याची वेळ काढा. रात्रीचा प्रवास मी टाळायलाच सांगते. कापसाच्या हंगामात गाठोडं फुगावं तसे दोन्ही अंगांनी फुगलेले ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, केळीच्या गाड्या, आणि मागे लाल दिवा असेलच याचा नेम नाही. चाळीसगावहून वेरूळ जोडायचं असेल तर मधे कन्नडचा घाट आहे, जुने लोक औट्रम घाट म्हणतात. २०२१ च्या ऑगस्टअखेर तिथे दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. पावसाळ्यात निघायच्या सकाळी घाट चालू आहे का, हे चाळीसगावातल्या कुठल्याही पेट्रोल पंपावर विचारा.

मॅपवर फार विसंबू नका. सातपुड्यात मोबाइलला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. पण मॅप जवळचा म्हणून जो रस्ता दाखवतो तो कधी शेतरस्ता असतो, कधी त्यावर फरशी असते. फरशी म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल, पाणी आलं की दिसेनासा होतो. पावसानंतर काळ्या मातीत चाक गेलं तर बैलजोडीशिवाय निघत नाही. चौकात थांबून माणसाला विचारा, पण किती लांब ते विचारू नका. एरंडोलकडे एका आजोबांना मी विचारलं होतं, ते हात हलवून म्हणाले, "हाई काय, जोडेच शे." जोडे म्हणजे जवळ. ते जवळ नऊ किलोमीटर निघालं. किती वेळ लागेल, रस्ता डांबरी आहे का आणि एसटी जाते का, एवढं विचारा. एसटी जात असेल तर तुमची गाडीही जाईल.

एसटीवरून आठवलं. सगळीकडे गाडी हवीच असं नाही. जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या एसटीच्या गाड्या अजिंठ्याजवळच्या फर्दापूरवरून जातात. खाजगी गाडी केलीत तरी ती फर्दापूरजवळच्या फाट्यावर थांबते, पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्याच बसने लेण्यांपर्यंत जावं लागतं. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून मोफत. चार बायका आणि एक आजोबा असा ताफा असेल तर बोटांवर हिशेब करून बघा.

ड्रायव्हरला पहिल्या पाच मिनिटांत नाव विचारा आणि मग दादा किंवा भाऊ म्हणा. "ए ड्रायव्हर" ऐकलेला माणूस दिवसभर बोलत नाही, आणि बोलणारा ड्रायव्हर म्हणजे निम्मी सहल. त्याचं जेवण तुमच्यासोबत की त्याच्या भत्त्यात, ते आधी ठरवा. मुक्कामाला तो कुठे झोपणार हेही विचारा. गाडीतच झोपून रात्र काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी तुम्हाला घाटातून खाली आणणार आहे. ढाबा त्याला निवडू द्या. शेवभाजी मागवलीत तर तर्री वेगळ्या वाटीत सांगा, आमचं "मध्यम तिखट" पुण्यात मध्यम नसतं.

पिशवीत पाणी, टोपी, ओआरएस, सुटे पैसे, ओळखपत्र, चार्जर. मळमळीची गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, मळमळ सुरू झाल्यावर नाही. अडीनडीला ११२, राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३.

परत आलात की दिवा लावून मागची सीट चाचपा, मीटरचा दुसरा फोटो काढा, आणि पैसे देताना भाव ठरवलेला मेसेज उघडा ठेवा. भरताची वांगी घेतली असतील तर ती पिशवी आधी उतरवा. मागच्या दिवाळीत आमच्या नणंदेची तीन किलो वांगी डिकीतच राहिली. ड्रायव्हरने रात्री अकराला फोन केला, "ताई, भरीत आम्हीच करू का आता?"