पहिली खाऱ्या पाण्याची टाकी: पुण्यातील घरातून

खाऱ्या पाण्याची टाकी लावायचे ठरवले तेव्हा गोड्या पाण्यातील मासे पाळून मला सहा वर्षे झाली होती, त्यामुळे मिठाचा खर्च तेवढा वाढेल आणि बाकी काम तेच राहील, अशी माझी समजूत होती. पहिल्याच उन्हाळ्यात ती मला बदलावी लागली. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरून प्रवाळ पाहिल्यानंतर तसे काही आपल्या घरी असावे असे ज्यांना वाटू लागते, त्यांच्यासाठी हा अनुभव मांडत आहे.

सुरुवात कायद्यापासून करणे आवश्यक आहे, कारण परदेशी व्हिडिओ पाहून खरेदीची यादी करणाऱ्या माणसाला तो कोणी सांगत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांचा समावेश झाला. किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा वाळका तुकडा घरी आणणेही यामुळे गुन्ह्यात मोडते. मश्रूम किंवा झोअँथिड यांसारखे मऊ जीव, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे प्रवाळांचे बिनसांगाड्याचे नातलग, त्या यादीत नव्हते. मात्र २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची मांडणी बदललेली असल्यामुळे खरेदीपूर्वी सध्याची अनुसूची स्वतः वाचावी आणि विक्रेत्याकडून पक्के बिल व आयातीची कागदपत्रे मागून घ्यावीत. ती देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून काहीही घेऊ नये. माझ्या टाकीत कठीण प्रवाळ नाहीत, खडकही कारखान्यात तयार केलेले कोरडे आहेत, आणि तरीही ती टाकी पाहताना मला काही उणे वाटत नाही.

टाकी ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद व उंच घेतली. खडक आणि वाळू घातल्यावर तिच्यात सुमारे १५० लिटर पाणी राहते. याहून लहान टाकी स्वस्त पडते, पण पाणी जितके कमी तितका त्यातला बदल वेगाने होतो, म्हणून नवशिक्याने फार लहान टाकीच्या मोहात पडू नये. काच, खडक आणि पाणी मिळून वजन दोनशे किलोच्या वर जाते. लोखंडी स्टँड भिंतीलगत ठेवावा आणि तो पाणसळीने तपासूनच पाणी भरावे.

पाण्याच्या बाबतीत सर्वांचा पहिला प्रश्न असतो की, समुद्राचेच पाणी का आणू नये. आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ असतो, शहरांजवळ सांडपाणी मिसळलेले असते, आणि पावसाळ्यात नद्या व खाड्यांच्या पाण्यामुळे त्याची क्षारता बरीच खाली येते. म्हणून शुद्ध पाण्यात कृत्रिम समुद्री मीठ विरघळवणे हाच भरवशाचा मार्ग आहे. स्वयंपाकघरातील आरओचे पाणी त्यासाठी पुरेसे शुद्ध नसते. माझ्या घरच्या आरओचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ४० येत असे, आणि पुढे उरलेले क्षार शोषून घेणारी डीआय रेझिनची नळी जोडल्यावर तो शून्यावर आला. अलीकडे पाण्यात तांबे सोडणारे आरओ घरोघरी आले आहेत. त्यांचे पाणी टाकीत कधीही घालू नये, कारण माणसाला चालणारे तांब्याचे प्रमाण कोळंबी आणि शंखांना मारून टाकते. मीठ नेहमी पाण्यात घालावे, मिठावर पाणी ओतू नये, आणि पंप लावून ते मिश्रण रात्रभर फिरत ठेवावे.

टाकी भरल्यावर पहिला महिना मासे आणायचे नाहीत. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू खडकाच्या छिद्रांत वस्ती करतात आणि त्याला वेळ लागतो. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.१ ते ८.३ असल्यामुळे गोड्या पाण्याच्या तुलनेत अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो, म्हणून एखादा स्वस्त मासा सोडून टाकी तयार करण्याची जुनी पद्धत इथे निव्वळ क्रूरपणाची ठरते. मी अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) नेला आणि रोज रात्री अमोनिया तपासण्याची परीक्षानळी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहिला. सुरुवातीला ती गडद हिरवी दिसे, म्हणजे अमोनिया भरपूर. चौतिसाव्या दिवशी, आदल्या रात्री अमोनिया घातलेला असतानाही, ती लिंबासारखी पिवळी निघाली, म्हणजे अमोनिया शून्य, आणि नायट्राइटही शून्य आले. त्यानंतर वाळूवर तपकिरी शेवाळाचा थर येतो. त्याला औषध घालू नये, काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो.

आता मे महिन्याविषयी. पुण्यात त्या दिवसांत घरातील तापमान ३४ अंशांपर्यंत जात होते आणि टाकीला २५ ते २७ अंश हवेत. पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, महाग असल्यामुळे मी पृष्ठभागावर वारा सोडणारा पंखा लावला. त्याने पाणी अडीच-तीन अंशांनी उतरले, मात्र बाष्पीभवन वाढून रोज तीन लिटर पाणी कमी होऊ लागले. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणून मी ती तूट तयार करून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने भरत राहिले. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहते, हे शाळेत शिकलेले मला त्या आठ दिवसांत एकदाही आठवले नाही. तीन लिटरमागे सुमारे १०५ ग्रॅम मीठ, म्हणजे आठ दिवसांत ८४० ग्रॅम. क्षारता मोजण्याचा माझ्याकडचा प्लास्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर, काट्याला हवेचे बुडबुडे चिकटल्यामुळे, काही वेगळेच दाखवत होता. नवव्या दिवशी सकाळी सगळे शंख कवचात शिरून वाळूवर आडवे पडलेले दिसले आणि मश्रूम सुकलेल्या मनुकांसारखे आक्रसले होते. मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता मोजणारे उपकरण, आणून पाहिले तर क्षारता (हजार भाग पाण्यात मिठाचे भाग) ३५ च्या जागी साडेचाळीस निघाली.

घाबरून सगळे पाणी एकदम बदलणे ही त्याहून मोठी चूक ठरली असती, कारण या जीवांना चुकीच्या आकड्यापेक्षा अचानक बदल अधिक मारतो. बाष्पीभवनाची तूट गोड्या पाण्याने भरून, शिवाय रोज चार लिटर पाणी काढून तेवढेच शुद्ध गोडे पाणी घालत, मी क्षारता दिवसाला एकाने उतरवली. सहा दिवस लागले आणि दोन शंख वाचले नाहीत. तेव्हापासून टाकीशेजारी गोड्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन आणि पातळी कमी होताच पाणी सोडणारा छोटा पंप आहे. चिलरला पैसे नसतील तर हरकत नाही, परंतु हा पंप आणि ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर या दोन वस्तू पहिल्याच खरेदीत असाव्यात.

स्किमर नावाचे यंत्र पाण्यात बारीक बुडबुडे सोडून विरघळलेली घाण फेसाबरोबर बाहेर काढते. पावसाळ्यात किनाऱ्यावर लाटांसोबत येणारा पिवळसर फेस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे काम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वीज जाते तेव्हा, आणि आमच्याकडे देखभालीसाठी ती बहुधा गुरुवारी जाते, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवा; कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही, आणि त्या जोडणीवर विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवून घ्यावा.

पहिले मासे म्हणून क्लाऊनफिशची जोडी घ्यावी, आणि तीही हॅचरीत वाढलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचे तंत्र आपल्याकडे विकसित केलेले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारणच उरत नाही. ही पिल्ले जन्मतः नर असतात आणि जोडीतील मोठा मासा मादी होतो, म्हणून दोन लहानमोठे मासे निवडावेत. समुद्रात ज्याच्या आसऱ्याने ते राहतात त्या समुद्रफुलाची त्यांना टाकीत गरज नसते. आणलेला प्रत्येक मासा चार आठवडे वेगळ्या टबात ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला तर ती सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते, आणि त्यावरचे तांबेयुक्त औषध तिथे घालताच येत नाही.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा. त्यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय घातक विष असते, म्हणून ते चिकटलेला खडक ब्रशने घासू नये आणि गरम पाण्यात तर मुळीच टाकू नये. ती वाफ श्वासात गेल्याने घरातली माणसे रुग्णालयात पोहोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

आता रविवारी सकाळी पंधरा लिटर पाणी बदलते आणि क्षारता, तापमान, अल्कलिनिटी (सामू टिकवून धरण्याची पाण्याची क्षमता) व नायट्रेट वहीत लिहिते. सातव्या महिन्यातल्या एका नोंदीपुढे मी पेन्सिलीने गोल केला आहे. त्या दिवशी डावीकडच्या खडकावर तांदळाच्या दाण्याएवढा जांभळट गुलाबी ठिपका दिसला होता, खडकावर वाढणाऱ्या चुनखडी शेवाळाचा. आज त्या खडकाची वरची बाजू पूर्ण गुलाबी आहे, आणि क्लाऊनफिशची मादी रात्री त्याच्याच आडोशाला झोपते.