ट्रेकसाठी वाळवलेली मुगाची खिचडी

वाळवलेली खिचडी कच्च्या डाळ-तांदळापेक्षा हलकी असते, हा गैरसमज आहे. वजन जवळपास तेवढंच भरतं. वाचतो तो गॅस आणि वेळ. शिजवण्याचं काम घरी झालेलं असतं, मुक्कामी फक्त पाणी परत द्यायचं. हिमालयात 4,000 मीटरवर पाणी 87 अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे कच्ची डाळ रडवते आणि ही खिचडी मुकाट्याने तयार होते.

तिघांसाठी 200 ग्रॅम तांदूळ, 150 ग्रॅम मुगाची डाळ, 100 ग्रॅम बारीक चिरलेलं गाजर, हळद, हिंग, जिरं आणि मीठ. सव्वा लिटर पाणी घालून कुकरला चार शिट्ट्या. डाळ पूर्ण मोडली पाहिजे. घरी कचवट राहिलेला दाणा गडावर खड्यासारखा लागतो. तेल-तूप अजिबात नको, कारण स्निग्धांश वाळत नाही आणि पुढे खवट होतो. टोमॅटो-चिंचही नको, आंबटामुळे डाळ शिजायला वेळ घेते. आंबट हवंच असेल तर आमसुलं वेगळी न्या.

गरम असतानाच बेकिंग पेपरवर अर्धा सेंटीमीटर जाडीचा थर पसरा आणि डिहायड्रेटरमध्ये (पदार्थ वाळवायचं यंत्र) 60 अंशांवर 8 ते 10 तास ठेवा. चार तासांनी थर उलटून गुठळ्या हाताने मोडा. घाईने तापमान वाढवलं की वरचं कवच कडक होतं आणि आतली ओल अडकते, मग आठवड्याभरात बुरशी. उन्हातल्या वाळवणाची हौस इथे नको: कुरडई पातळ असते म्हणून जमते, खिचडी मात्र संध्याकाळपर्यंत आंबते.

झाली का, हे वजनावरून कळतं. या मापाचा माल 360-370 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. 400 च्या वर गेला तर परत आत. दाणा दाबल्यावर कट्‌कन तुटला पाहिजे. पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बरणीत चार दिवस ठेवा, रोज हलवा. काचेवर दमटपणा दिसला तर पुन्हा वाळवा. मग माणशी एक अशा झिपलॉक पिशव्या भरा. महिन्याभरात संपवायची, त्याहून जास्त ठेवायची तर फ्रीजरमध्ये.

मुक्कामी एका पिशवीला 350 मिली पाणी, गडावरच्या टाक्यातलं असेल तर गाळूनच घ्या. थेट चुलीवर चढवू नका. आधी गार पाण्यात 20 मिनिटं भिजवा, तंबू उभारेपर्यंत तेवढा वेळ जातोच. मग खळखळून उकळी आणा आणि दोन-तीन मिनिटं उकळू द्या. गॅस बंद करून झाकण घट्ट लावा, भांडं जाकिटात गुंडाळून दहा मिनिटं विसरून जा. या दहा मिनिटांत बहुतेकांचा धीर सुटतो, आणि अर्धवट भिजलेली खिचडी पोटात जाऊन फुगते. रात्रभर पोट गुबारतं ते त्यामुळे.

छोट्या बाटलीतलं तूप आता घाला. सोबत पोह्याचा पापड असेल तर तो चुरून.