बेसबॉलमध्ये रनरला फसवताना या चुका टाळा

रनरला, म्हणजे एका बेसवरून पुढच्या बेसकडे धावणाऱ्या खेळाडूला, चकवणं हा फिल्डिंग करणाऱ्या संघाचा हक्कच आहे. तरीही छान रचलेली चाल उलटते, आणि बहुतेक वेळा दोष अभिनयाचा नसतो, पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पायांचा असतो.

चेंडू लपवण्याची चाल घ्या. बेसमन (बेस सांभाळणारा खेळाडू) ग्लोव्हमध्ये चेंडू दडवून रनर बेस कधी सोडतो याची वाट पाहतो. इकडे नाटक खरं वाटावं म्हणून पिचर रबरवर, म्हणजे जिथून चेंडू टाकतात त्या पट्टीवर, जाऊन उभा राहतो, आणि घात होतो. हातात चेंडू नसताना रबरवर पाय ठेवला, किंवा रबर दोन पायांमध्ये घेऊन उभं राहिलं, की बॉक, म्हणजे पिचरची नियमबाह्य हालचाल. सगळे रनर एकेक बेस पुढे. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या नियमांत तर चेंडूशिवाय रबरच्या सुमारे 5 फुटांच्या आत थांबलं तरी बॉकच. पिचरने लांब राहून माती सारखी करत वेळ काढावा. कोणी ‘टाइम’ घेऊन खेळ थांबवला असेल तर ही चाल विसरा: पिचर चेंडू घेऊन रबरवर आल्याशिवाय खेळ पुन्हा सुरूच होत नाही.

1982 च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये मायामीने विचिटा स्टेटच्या फिल स्टीफनसनला फसवलं. पिचरने पहिल्या बेसकडे खोटी फेक केली, चेंडू निसटल्यासारखी सगळ्यांनी धावपळ केली, स्टीफनसन दुसऱ्या बेसकडे पळाला आणि आउट झाला. लोकांना ती धावपळ आठवते. मला त्याआधीचं पाऊल मोलाचं वाटतं: पिचरने आधी रबर सोडला होता. रबरवरून पहिल्या बेसकडे फेक अर्धवट सोडली असती तर बॉक मिळाला असता. रबरवरून तिसऱ्या बेसकडे केलेली खोटी फेकही मेजर लीगमध्ये (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये) 2013 पासून बॉक आहे, तेव्हा जुने व्हिडिओ पाहून ती शिकू नका.

मुलांच्या संघात खोट्या टॅगला, म्हणजे चेंडू हातात नसताना रनरला तो लावून आउट करण्याच्या सोंगाला, थारा देऊ नका. लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉलमध्ये) तो अडथळा धरला जातो, शिवाय अचानक घसरणाऱ्या रनरचा घोटा दुखावतो. 1991 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात मिनेसोटाच्या नॉब्लॉक आणि गॅग्नेने डबल प्लेचा (एकाच चेंडूवर दोघांना आउट करण्याचा) नुसता आव आणला. चेंडू नजरेतून सुटलेला प्रतिस्पर्धी रनर लॉनी स्मिथ थबकला आणि तिसऱ्या बेसवरच अडकला. त्यांनी ना त्याची वाट अडवली, ना टॅगचं सोंग केलं. शिकवायचं ते हे.

राहिला मुद्दाम सोडलेला झेल. पहिल्या बेसवर रनर आणि दोनपेक्षा कमी आउट असताना इनफिल्डरने सोपा चेंडू हाताला लावून पाडला, तर बॅटर आउट, चेंडू मृत (म्हणजे खेळ तिथेच थांबतो), रनर जागेवर. डबल प्ले हवा असेल तर चेंडूला न शिवता तो जमिनीवर पडू द्या.