मुलांच्या मोबाइलवर लक्ष ठेवताय? या चुका टाळा

गुपचूप पाळतीचं ॲप टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नैतिकता घटकाभर बाजूला ठेवा, नुसती सुरक्षितता बघा. ‘टीनसेफ’ हे पालकांसाठीचं असंच एक ॲप. २०१८ मध्ये त्याचे सर्व्हर पासवर्डशिवाय उघडे सापडले. मुलांचे ॲपल आयडी आणि पासवर्ड त्यात कुणालाही वाचता येतील असे पडून होते. वर हे ॲप चालावं म्हणून टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर कोडही मागणारी दुहेरी खातरजमा, बंद ठेवावं लागायचं! रोगापेक्षा औषध जालीम, दुसरं काय. असं काही टाकलं असेल तर मुलाला सांगूनच काढा. नुसतं ॲप उडवून भागत नाही. कंपनीकडचं खातं आणि डेटाही डिलीट करायला सांगा. मग पासवर्ड मुलालाच बदलू द्या आणि टू-फॅक्टर पुन्हा सुरू करा.

“लायब्ररीत आहेस म्हणतोस, मग नकाशावरचा ठिपका भलतीकडे कसा?” लोकेशनवरून होणारी निम्मी भांडणं फुकटची असावीत. इमारतीच्या आत जीपीएस कमजोर पडतं, मग फोन वाय-फाय आणि टॉवरवरून अंदाज बांधतो आणि ठिपका सरकतो. बॅटरी सेव्हर चालू असेल तर जुनीच जागा दिसत राहू शकते. शेवटचं अपडेट कधीचं आहे ते आधी पाहा, सरळ फोन करा.

चॅट वाचू नका. त्यात मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेलं तिच्या घरचंही असतं. शिवाय वाचलेलं कधीतरी तोंडातून निसटतंच, आणि मग मूल सुधारत नाही, सावध होतं. दुसरं अकाउंट काढतं, आपोआप गायब होणारे मेसेज वापरतं.

वयाचा विचार न करणं हीही चूकच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १६ वं कलम मुलांना खासगीपणाचा हक्क देतं, आणि देखरेख मुलाच्या वाढत्या समजेनुसार असावी, असं करारावरच्या २०२१ च्या भाष्यात म्हटलंय. नऊ वर्षांच्या मुलासाठी लावलेलं ॲप-लॉक सतराव्या वर्षीही तसंच असेल तर ते आजच काढा.

आणि खरं सांगितल्यावर फोन जप्त करणं? खासगी फोटोवरून कुणी धमकावत असलं तरी मुलं गप्प बसतात ती याच भीतीने. “काहीही झालं तरी फोन काढून घेणार नाही,” हे आधीच सांगून ठेवा. तशी वेळ आलीच तर पैसे देऊ नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, त्या माणसाला ब्लॉक करा आणि पोलिसांत तक्रार द्या.